शटरची स्प्रिंग तुटते तेव्हा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आपला अहिल्यानगर जिल्हा दारांच्या बाबतीत जगावेगळा आहे. नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना दारं-कुलपं न लावण्याची तिथली परंपरा सगळ्यांना माहीत आहे. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा उघडली, तीसुद्धा ‘बिनकुलपाची शाखा’ म्हणून बातम्यांत आली. पण तिथून बाहेर पडून घोडेगावचा रस्ता धरला, की नगरच्या कापड बाजारापर्यंत दुतर्फा काय दिसतं? शटरच शटर. किराणा, पिठाची गिरणी, खतांचं दुकान, गॅरेज. आता तर घराखालच्या पार्किंगलाही शटर असतं. श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, कुठेही जा, खाली गाळा आणि वर घर ही रचना आहेच. म्हणजे शटर ही फक्त दुकानाची वस्तू राहिलेली नाही, ती घरातली वस्तू झाली आहे.

आणि घरातली वस्तू बिघडली की आपला पहिला विचार काय असतो? ‘पाना आण, बघू काय झालंय ते.’ नळ, पंखा, सायकल यांच्या बाबतीत हा विचार चांगलाच आहे. शटरच्या स्प्रिंगच्या बाबतीत मात्र तो कुठवर चालतो आणि कुठे थांबायला हवा, हे आज आपल्याला समजून घ्यायचं आहे. ‘हात लावू नका’ एवढं सांगून आम्ही निघून गेलो, तर उद्या कोणीतरी हात लावेलच. म्हणून ‘का’ ते आधी पाहू.

शटर उचलतं कोण?

एक साधा हिशेब करू. दहा फूट रुंद, आठ फूट उंच असं शटर घ्या. क्षेत्रफळ झालं साधारण ७.४ चौरस मीटर. एक मिलिमीटर जाडीचा, एक चौरस मीटरचा लोखंडी पत्रा भरतो ७.८५ किलो. म्हणजे नुसता सपाट पत्रा धरला तरी ५८ किलो झाले. पण शटरच्या पट्ट्या सपाट नसतात. त्यांना गोलाई असते, एकमेकींत अडकवण्यासाठी कडा वळवलेल्या असतात, त्यात जादा पत्रा जातो. शिवाय खालची जाड पट्टी, कड्या, कोयंडे. सगळं मिळून ८० किलोच्या घरात जातं.

आता सकाळी दुकान उघडणारे आजोबा डोळ्यांसमोर आणा. सत्तरीचं वय. खाली वाकतात, एका हाताने कडीला हिसका देतात आणि शटर खडखडत वर जातं. आजोबांनी ८० किलो उचलले का? नाही. ते स्प्रिंगांनी उचलले. आजोबांनी फक्त इशारा दिला.

वर, पत्र्याच्या कव्हरमध्ये एक आडवा पाइप असतो. तो दोन्ही बाजूंना भिंतीतल्या ब्रॅकेटवर यू-क्लॅम्पने घट्ट आवळलेला असतो, म्हणजे तो फिरत नाही. त्यावर गोल डबे बसवलेले असतात, ते मात्र फिरतात. शटरची सगळ्यात वरची पट्टी या डब्यांना जोडलेली असते. स्प्रिंगचं एक टोक न फिरणाऱ्या पाइपला आणि दुसरं फिरणाऱ्या डब्याला अडकवलेलं असतं. शटर खाली ओढलं की डबे फिरतात, स्प्रिंगांना पीळ बसतो. वर ढकललं की तो पीळ सुटतो आणि शटर गुंडाळलं जातं. काही शटरांत तारेच्या गुंडाळीऐवजी पोलादी पट्टीची स्प्रिंग असते, जुन्या गजराच्या घड्याळात असायची तशी. तत्त्व तेच.

यात एक सुंदर जुळणी आहे. शटर पूर्ण खाली असतं तेव्हा सगळं वजन लोंबकळत असतं, आणि नेमका त्याच वेळी स्प्रिंगेत सगळ्यात जास्त पीळ असतो. शटर वर जाऊ लागलं की लोंबकळणारं वजन कमी होत जातं, कारण बाकीचं पाइपवर गुंडाळलं जातं. स्प्रिंगेतला पीळही त्याच बेताने उतरत जातो. तराजूची दोन्ही पारडी बरोबर राहतात. म्हणून चांगलं बसवलेलं शटर अर्ध्यावर सोडलं तर तिथेच थांबतं. खाली घसरत नाही, वरही पळत नाही.

पीळ म्हणजे नेमकं काय?

नगरमध्ये रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासूनचं. मुलांना घेऊन गेलात की पॅटन, विजयंता अशा रणगाड्यांच्या तोफेऐवजी चाकांकडे जरा वाकून पाहा. या रणगाड्यांच्या पोटाखाली पोलादी सळया आडव्या बसवलेल्या असतात. चाक दगडावर चढलं की सळई पिळली जाते, दगड गेला की ती पीळ सोडते आणि चाक जागेवर येतं. कित्येक टनांचा रणगाडा अशा पिळावर उभा असतो. सळईऐवजी तारेची गुंडाळी घेतली की झाली आपल्या शटरची स्प्रिंग. गुंडाळीला पीळ दिला की तार आणखी वाकते, गुंडाळीचा घेर थोडा आक्रसतो आणि ती विरोध करते.

किती विरोध करते? रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगचा नियम जाहीर केला, तो इथेही लागू आहे: जितका पीळ, तितका जोर. दुप्पट फेरे दिले की दुप्पट जोर.

पण तारेच्या जाडीचा हिशेब इतका सरळ नाही आणि दुकानात स्प्रिंग घेताना लोक इथेच चुकतात. गोल तारेच्या स्प्रिंगचा जोर जाडीच्या चौथ्या घातात बदलतो. ६ मिलिमीटरऐवजी ५.५ मिलिमीटरची तार घेतली, तर डोळ्याला फरक दिसतही नाही. जोर मात्र सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. पट्टीच्या स्प्रिंगमध्ये तिसरा घात लागतो, म्हणजे २ मिलिमीटरऐवजी १.८ घेतली की २७ टक्के गेले. म्हणून ‘साधारण तशीच दिसते’ हे माप नव्हे. तारेची जाडी, गुंडाळीचा घेर, गुंडाळ्यांची संख्या किंवा लांबी, आणि गुंडाळी डावी की उजवी, हे सगळं जुळायला हवं. जाडी मोजायला व्हर्निअर कॅलिपर लागतो, मोजपट्टी नाही.

मग ती तुटते का?

जोराने ओढलं म्हणून नाही. स्प्रिंग थकून तुटते. तारेचा तुकडा हातात घेऊन तो मागे-पुढे वाकवत राहिलं की थोड्या वेळाने तुटतो, हे आपण लहानपणी केलेलं आहे. जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी १९व्या शतकात रेल्वेच्या आसांवर असेच प्रयोग केले. एका खेपेला सहज पेलणारा भार पुन्हा पुन्हा दिला तर धातू त्याच भाराने तुटतो, हे त्यांनी दाखवलं.

अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या स्प्रिंगचं सर्वसाधारण आयुष्य १०,००० फेऱ्या धरतात. उघडणं आणि बंद करणं मिळून एक फेरी. तोच आकडा आपण नमुन्यादाखल घेऊ. घरचं पार्किंग दिवसातून दोनदा उघडत असेल तर वर्षाला ७३० फेऱ्या, म्हणजे साधारण साडेतेरा वर्षं. दुकान सकाळी उघडलं, दुपारी जेवायला बंद केलं, संध्याकाळी पुन्हा उघडलं, मधे एकदा माल आला, म्हणजे दिवसाला तीन फेऱ्या धरा. वर्षाला १,०९५. नऊ वर्षांत हिशेब पूर्ण!

यात गंज धरलेला नाही. गंजाने तारेवर बारीक खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्डा हा भेगेचा जन्म असतो. नगर, पाथर्डी, कर्जत हा कोरडा पट्टा. तिथे धूळ जास्त, ओल कमी. अकोल्यात भंडारदरा-घाटघरकडे पाऊस कोसळतो, तिथे कव्हर गळकं असेल तर स्प्रिंगचं आयुष्य लवकर सरतं.

तुटताना आवाज सुतळी बॉम्बसारखा येतो, आणि बऱ्याचदा आसपास कोणी नसताना येतो. सकाळी शटर उचलायला गेलं की ते हलत नाही, किंवा एका बाजूने तिरकं होऊन गाईडमध्ये अडकतं.

धोका कुठे बसलेला असतो?

आता आजच्या विषयाचा गाभा. आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. शटरला ही म्हण शब्दशः लागू पडते. एक स्प्रिंग तुटली म्हणून आपण समजतो की आता जोर संपला. पण शेजारची स्प्रिंग शाबूत आहे आणि तिच्यात पूर्ण पीळ आहे. तुटलेली स्प्रिंग डोळ्यांना दिसते, भीती तिची वाटते. घात करते ती न तुटलेली.

किती ताकद साठलेली असते? ८० किलोचं शटर आठ फूट, म्हणजे २.४ मीटर वर जातं. त्याचा मध्य १.२ मीटर उचलला जातो. हे एवढं काम करण्याची शक्ती बंद शटरच्या स्प्रिंगांत भरलेली असते. तुलना करायची तर ५० किलोची सिमेंटची गोणी पुरुषभर उंचीवरून खाली पडावी, तेवढी. एक स्प्रिंग तुटली तर निम्मी, तरी निम्मी गोणी उरलीच.

आणि इथे माणूस फसतो कसा, पाहा. डब्याची त्रिज्या दहा सेंटिमीटर धरली, तर पाइपवरचा सगळा पीळ अर्ध्या मीटरच्या पाइप पान्याने आवरायला हाताला जोर लागतो फक्त १६ किलोंचा. बादलीभर पाणी! माणसाला वाटतं, ‘अरे, हे तर जमतंय.’ म्हणून तो शिडीवर चढतो, एका हाताने पाना धरतो, दुसऱ्याने यू-क्लॅम्पचा नट सैल करतो. १६ किलो धरता येतात, पण शिडीवर, डोक्याच्या वर हात करून, घामेजलेल्या मुठीत, किती वेळ? पाना एकदा निसटला की तीन-साडेतीन फेऱ्यांचा पीळ क्षणात मोकळा होतो आणि लोखंडी पाना पंख्याच्या पात्यासारखा फिरतो. मनगट, दात, डोळा, जे समोर येईल ते.

मग शटर वर असताना काम करावं का? तेव्हा स्प्रिंगा बऱ्याच सैल असतात, हे खरं. थोडा पीळ मिस्त्री मुद्दाम ठेवतात, तेवढाच असतो. पण आता ८० किलो तुमच्या डोक्यावर आहेत. म्हणून एवढं एक वाक्य लक्षात ठेवा: शटर खाली असेल तर धोका स्प्रिंगेत, शटर वर असेल तर धोका डोक्यावर. धोका नाहीसा कधीच होत नाही, फक्त जागा बदलतो. दुरुस्तीला हात घालण्याआधी तो आत्ता कुठे आहे, हे विचारायचं.

जाणकार मिस्त्री काय करतो?

त्याच्या कामाचा क्रम पाहिला की हे वाक्य त्याला किती मुरलेलं आहे ते कळतं. आधी तो वर बोर्डाच्या दिव्याची वायर आहे का बघतो आणि मेन स्विच बंद करायला लावतो. तीन-चार माणसं घेऊन शटर थोडं थोडं उचलतो आणि प्रत्येक टप्प्याला खाली लाकडी टेकू सरकवतो. शटर पूर्ण वर गेलं की गुंडाळी दोरखंडाने करकचून बांधतो, म्हणजे ती उलगडणार नाही. मग दोन पाने घेतो. एक धरलेला, दुसरा पुढची पकड घ्यायला. उरलेला पीळ अर्धा-अर्धा फेरा करत उतरवतो आणि फेरे मोजतो, कारण नवीन स्प्रिंगेला सुरुवातीचा पीळ किती द्यायचा ते त्यावरून कळतं. पीळ शून्य झाल्यावरच क्लॅम्प पूर्ण सुटतात आणि सगळी गुंडाळी पाइपसकट जमिनीवर येते. स्प्रिंग बदलण्याचं प्रत्यक्ष काम जमिनीवर होतं, आणि ते सगळ्यात सोपं आहे. अवघड आहे ते आधीचं पीळ उतरवणं आणि नंतरचं चढवणं. या दोन्ही वेळा पान्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणाचंही तोंड नको, आणि शिडीपेक्षा पाय रोवून उभं राहता येईल असा घोडा बरा.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. पीळ उतरवणं, गुंडाळी खाली घेणं आणि पीळ चढवणं ही घरगुती कामं नाहीत. पण घरच्यांकडे काही कमी काम उरत नाही.

घरच्यांनी काय करायचं?

पहिलं, तोल तपासा. महिन्यातून एकदा, शटरखाली न उभं राहता, ते कमरेएवढ्या उंचीवर आणा आणि हात हळूच सैल करा, काढू नका. खाली ओढ जाणवली तर स्प्रिंगा थकल्या. वर पळू लागलं तर पीळ जास्त आहे. दोन्हींसाठी मिस्त्रीला बोलवा, तुटायची वाट पाहू नका.

दुसरं, स्वच्छता. गाईडमध्ये ग्रीस थापू नका. आपल्याकडच्या धुळीत त्याचा लगदा होतो आणि शटर जड होतं. गाईड कोरड्या फडक्याने पुसा. तेल हवं ते स्प्रिंगेला, आणि तेही मिस्त्रीने कव्हर उघडून दिलेलं. खंडेनवमीला आपण हत्यारं पुसतो, पूजा करतो. पावसाळा नुकताच सरलेला असतो, दिवाळीची गर्दी यायची असते. वर्षातून एकदा शटर तपासून घ्यायला याहून चांगला मुहूर्त नाही.

तिसरं, नोंद ठेवा. कव्हरच्या आतल्या बाजूला खडूने नको, ऑइलपेंटने लिहा: स्प्रिंग कधी बदलली, तारेची जाडी किती, फेरे किती दिले. पुढच्या मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचतो.

चौथं, शटर नवीन करताना आकार बघा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तपशिलांत १० चौरस मीटरपर्यंतचं शटर हाताने ढकलायचं आणि त्याहून मोठ्याला साधारणपणे साखळी किंवा हँडलवर चालणारा गिअर, असा दंडक आहे. १० चौरस मीटर म्हणजे साधारण १२ बाय ९ फूट. ट्रॅक्टर-ट्रॉली आत घ्यायची म्हणून दार मोठं केलं आणि हातानेच ढकलायचं ठेवलं, तर तो भार रोज स्प्रिंगेवर आणि कंबरेवर पडतो.

प्रश्नोत्तरे

*तुटलेल्या स्प्रिंगेला वेल्डिंग मारून चालतं का? आमच्याकडे सर्रास करतात.*

करतात, पण टिकत नाही. स्प्रिंगचं पोलाद विशिष्ट प्रक्रियेने कणखर केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळचा तो गुण जातो. तिथे तार मऊ तरी होते किंवा ठिसूळ तरी. दुसरा प्रकार म्हणजे तुटलेलं टोक गरम करून पुन्हा आकडा वळवणं. त्यात स्प्रिंग आखूड होते, म्हणजे तेच फेरे कमी तारेत मावतात, प्रत्येक गुंडाळीवर ताण वाढतो आणि ती आणखी लवकर तुटते. दोन्ही वेळा वाचतात ते थोडे पैसे. पणाला काय लागतं, ते आत्ता पाहिलं.

*एकच तुटली तर दोन्ही का बदलायच्या?*

दोघी एकाच दिवशी कामाला लागल्या, दोघींनी तेवढ्याच फेऱ्या मारल्या. एक थकून तुटली म्हणजे दुसरीही थकलेली आहे. शिवाय नवी आणि जुनी यांचा जोर सारखा नसेल तर शटर तिरकं चालतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती पीळ उतरवण्याची, गुंडाळी खाली घेण्याची जोखीम एकदाच घ्यावी. दोनदा कशाला?

*माझा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे मजुरी महाग म्हणून गॅरेजच्या दाराची स्प्रिंग व्हिडिओ बघून स्वतः बदलणार म्हणतोय.*

तिकडचं दार वेगळं असतं. ते गुंडाळलं जात नाही. मोठे फळे रुळांवरून छताखाली आडवे सरकतात. स्प्रिंग दाराच्या वर दांड्यावर असते. सात फुटी दाराला साधारण साडेसात फेरे देतात, तेही पाव-पाव फेरा करत, दोन खास सळयांनी. लोक सळयांऐवजी स्क्रूड्रायव्हर खुपसतात, तो निसटतो आणि अपघात होतात. त्याला एवढं तरी आज सांगा: स्प्रिंग तुटलेली असताना दार वर असेल, तर मोटर सोडवायची लाल दोरी ओढू नकोस, दार धाडकन खाली येईल. बटण दाबून मोटरला ओढायला लावू नकोस. आणि मुलांना गॅरेजमध्ये जाऊ देऊ नकोस. पीळ देण्याचं काम तिथेही शिकलेल्या माणसाचंच आहे. मजुरी महाग आहे, हात त्याहून महाग आहे.

*शटर बंद आहे, स्प्रिंग तुटली आहे आणि आत माणूस किंवा जनावर अडकलंय. मिस्त्री दोन तासांनी येणार. काय करायचं?*

वर पाइपला हात लावायचा नाही, एवढं पक्कं. आधी दुसरी वाट आहे का पाहा, मागचं दार, खिडकी. नसेलच, तर चार धडधाकट माणसं शटरच्या पूर्ण रुंदीत उभी करा, कारण एका बाजूने उचललं तर ते गाईडमध्ये अडकेल. बोटं खालच्या पट्टीखाली नकोत, कड्या धरा. वीतभर उचललं की दोन्ही टोकांना लाकडी ओंडका सरकवा, मग पुढची वीत. बाहेर पडण्यापुरतं झालं की थांबा. टेकूशिवाय कोणीही खालून जायचं नाही, मग ते माणूस कितीही घाईत असो.

*चांगला मिस्त्री ओळखायचा कसा?*

त्याला एकच प्रश्न विचारा: ‘पीळ आधी कुठून उतरवणार?’ ज्याला काम येतं तो दोरखंड, दोन पाने आणि मदतीचा माणूस यांबद्दल बोलू लागेल. जो ‘काही नाही हो, नट सैल केला की झालं’ म्हणेल, त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. त्याच्याही घरी कोणीतरी वाट बघत असतं.